समूहाचा अंश आणि संघाची वर्गणी

गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांनीं रद्दीच्या दुकानांतून एक जीर्ण पावतीपुस्तक सोडवून आणलें आणि तें आमच्यापुढें ठेवून विचारलें, "गुरुजी, हें संग्रहांत ठेवण्यायोग्य आहे काय?" पुस्तक गिरणीकामगारांच्या एका संघाच्या वर्गणीचें होतें. कांहीं स्थळप्रतींवर सहीच्या जागीं अंगठा होता. कांहीं नांवांपुढें "बाकी" असा शेरा होता. ताम्रपट, बखरी आणि महजर यांत रमणाऱ्या आम्हां लोकांना असल्या कागदाचें मोल चटकन कळत नाहीं. परंतु त्या "बाकी" शब्दानें आमचें लक्ष वेधलें. ज्यानें वर्गणी दिली नाहीं तो संघाचा घटक राहिला कीं नाहीं? संघानें मिळविलेल्या लाभांत त्याचा भाग कोणता? संघाच्या पुढाऱ्यांनीं त्याजवर सक्ती करावी काय? आणि पुढाऱ्यांनींच पैसा खाल्ला तर त्याला दाद कोठें? हे प्रश्न कारखान्यांच्या युगाबरोबर उत्पन्न झाले अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाहीं, हें दाखविण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं त्यांत एक पद समूहानें केलेल्या कराराच्या भंगाचें आहे. नारदानें व कौटिल्यानें त्यास "समयस्यानपाकर्म" म्हटलें; इतरत्र त्याचें "संविद्व्यतिक्रम" असें नांव आढळतें. येथें "समय" म्हणजे काळ नव्हे, तर मिळून ठरविलेला नियम. श्रेणि, नैगम, पूग, व्रात, गण अशा निरनिराळ्या समूहांचे नियम राजानें पाळवावे, हा या पदाचा गाभा. व्यापारी, गुराखी, सावकार व कारागीर यांना आपापल्या वर्गापुरता नियम करण्याचा अधिकार गौतमाच्या धर्मसूत्रानेंच मान्य केला आहे.

या विषयाचीं साधनें कशीं हातीं आलीं हें संग्राहकांनीं ध्यानांत घ्यावें. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री यांच्या हातीं आली व सन १९०९ मध्यें म्हैसुरास ग्रंथ छापून निघाला. त्यापूर्वीं तो केवळ नांवानें व तुरळक उताऱ्यांनीं माहीत होता. बृहस्पति व कात्यायन यांच्या व्यवहारविषयक स्मृति तर संपूर्ण अशा मिळतच नाहींत. टीकाकारांनीं व निबंधकारांनीं जागोजागीं उद्धृत केलेलीं वचनें वेंचून कात्यायनाची जुळणी डॉ. पां. वा. काणे यांनीं सन १९३३ मध्यें केली, आणि बृहस्पतीची रंगस्वामी अय्यंगार यांनीं सन १९४१ मध्यें बडोद्याच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केली. म्हणजे समूहाच्या देण्याघेण्याविषयीं जें सर्वांत बारीक विवेचन आमच्या पूर्वजांनीं केलें, तें तुकड्यातुकड्यांनींच वांचलें आहे.

आतां कौटिल्याकडे वळूं. त्याच्या तिसऱ्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायांत एक मोठा मार्मिक नियम आहे. गांवानें मिळून खेळ करविला व एखाद्यानें आपला अंश दिला नाहीं, तर त्यानें व त्याच्या माणसांनीं तो खेळ पाहूं नये. आणि लपून पाहिला किंवा ऐकला, तर त्याजकडून दुप्पट अंश घ्यावा. जें काम सर्वांच्या हिताचें आहे त्यांत अडथळा करणाऱ्यासही हाच दंड. ज्या शेतकऱ्यानें गांवाशीं करार करून तो पाळला नाहीं त्याचा दंड गांवानेंच घ्यावा. काम न केल्यास मजुरीच्या दुप्पट, पैसा न दिल्यास अंशाच्या दुप्पट, असें प्रमाण दिलें आहे. शेवटीं देश, जाति, कुल व संघ यांच्या समयभंगासही हाच न्याय लागू आहे असें सांगून कौटिल्य प्रकरण मिटवितो.

दुसऱ्या अधिकरणांत तो धरणाविषयीं याहून कडक बोलतो. सर्वांनीं मिळून बांधावयाच्या धरणाच्या कामांतून जो अंग काढून घेईल, त्याचे मजूर व बैल कामास लावावे. खर्चाचा भाग त्यानें द्यावा, परंतु लाभाचा भाग त्यास मिळूं नये. दोन नियमांतला भेद पाहण्यासारखा आहे. खेळ न पाहण्याची मोकळीक माणसाला आहे. म्हणून तेथें "देऊं नका, पाहूंही नका" एवढेंच. धरणाचें पाणी मात्र साऱ्या शिवाराला लागणारें. तेथें बाहेर राहण्याची मोकळीकच नाहीं. मजुरीचा वाढलेला दर हा खेळासारखा कीं धरणासारखा, या एका प्रश्नावर आजच्या वर्गणीचा सारा वाद उभा आहे. कारण वाढलेला दर वर्गणी न देणाऱ्यालाही मिळतो. त्यास त्यापासून वगळतां येत नाहीं.

याज्ञवल्क्यानें समूहाच्या कारभाऱ्यांना "कार्यचिंतक" म्हटलें आहे. ते धर्मज्ञ, शुद्ध व निर्लोभी असावे आणि समूहाच्या हिताचें जें ते सांगतील तें इतरांनीं ऐकावें. न ऐकणाऱ्यास प्रथमसाहस दंड. पण त्याबरोबरच कारभाऱ्यांच्या हातांतही बेडी घातली आहे. समूहाच्या कामासाठीं पाठविलेल्या माणसास जें मिळेल तें त्यानें समूहाच्या हवालीं करावें. आपण होऊन न केल्यास अकरापट वसूल करावें. समूहाचें द्रव्य हरण करणाऱ्याचें सर्वस्व काढून घेऊन त्यास राज्याबाहेर घालवावें. हे नियम श्रेणि, नैगम, पाखंडी व गण या सर्वांना सारखेच लागू आहेत. ज्या स्मृतीवर विज्ञानेश्वरानें कल्याणीस बसून मिताक्षरा रचली आणि जी टीका पुढें महाराष्ट्रांत शतकानुशतकें प्रमाण मानली गेली, तींतला हा व्यवहार आहे.

घटक होणें व घटक न राहणें यांविषयीं कात्यायनाचीं वचनें आम्हांस सर्वांत महत्त्वाचीं वाटतात. गणांत किंवा श्रेणींत जे मागाहून प्रवेश करतात, ते सर्व पूर्वीच्या धनाचे तसेच पूर्वीच्या ऋणाचेही समभागी होतात. वांटणी, दान व धर्मकृत्यें यांत जो समूहांत आहे त्याला भाग. जो निघून गेला त्याला नाहीं. गणाच्या नांवानें कर्ज काढून तें कोणीं खाल्लें किंवा स्वतःसाठीं वापरलें, तर त्यानेंच तें फेडावें. गणावर त्याचा भार नाहीं. तीन वाक्यांत प्रवेश, निर्गम आणि अफरातफर या तिहींची व्यवस्था येथें लागली आहे.

उरला प्रश्न एकट्या माणसाचा. समूह बलिष्ठ, माणूस एकटा. मग समूहानेंच त्याजवर जुलूम केला तर? बृहस्पतीनें हें ओळखलें होतें. द्वेषानें एकत्र होऊन समूहांतील लोक एखाद्यास पीडा देऊं लागले तर राजानें त्यांस आवरावें व शासन करावें. मुख्य व समूह यांच्यांत तंटा पडल्यास राजानें त्याचा विचार करून दोघांसही आपापल्या धर्मावर आणावें, असें तो सांगतो. म्हणजे समूहाचें स्वातंत्र्य मान्य, पण तें निरंकुश नव्हे.

हे नियम केवळ पोथींतले नव्हते, याची साक्ष आमच्याच प्रांतांतील डोंगर देतात. नाशिकच्या त्रिरश्मि पर्वतावरील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें संघासाठीं ३००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन निकायांकडे ठेवली. २००० एकाकडे दरमहा शेंकडा एक व्याजानें, १००० दुसऱ्याकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. पहिल्या ठेवीच्या व्याजांतून वर्षावासांतील वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे होते. वाचकांनीं हिशेब करून पाहावा: दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४० आणि वीस वेळां बारा म्हणजेही २४०. हा व्यवहार निगमसभेंत ऐकवून फलकावर नोंदविला गेला. नाशिकच्याच दुसऱ्या एका लेखांत, आभीर ईश्वरसेनाच्या काळीं, कुंभार, जलयंत्रें करणारे व तेली यांच्या श्रेणींकडे आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं ठेवी ठेवल्याचें आढळतें. ज्या समूहाचे हिशेब चोख नाहींत त्याच्याकडे राजाचा जांवई कायमची ठेव कशाला ठेवील?

माळव्यांत मंदसोर येथें लाट देशाहून आलेल्या रेशमी कोष्ट्यांच्या श्रेणीनें आपल्या धनसंचयांतून मालव संवत् ४९३ मध्यें, म्हणजे इ. स. ४३६ च्या सुमारास, सूर्याचें देवालय बांधलें व ३६ वर्षांनीं त्याचा जीर्णोद्धार केला. श्रेणींतले कित्येक जण धनुर्विद्या, ज्योतिष इत्यादि इतर विद्यांत पडले होते असें तोच लेख सांगतो; धंदा बदलला तरी समूह सुटला नाहीं. स्कंदगुप्ताच्या काळच्या इंदोर ताम्रपटांत (हें इंदोर उत्तर प्रदेशांतील बुलंदशहर जिल्ह्यांतलें) तेल्यांच्या श्रेणीवर सूर्यमंदिराच्या दिव्यासाठीं तेल देण्याचें बंधन घातलें आहे, आणि श्रेणि तें स्थान सोडून गेली तरी जोंवर ती एकत्र आहे तोंवर हें बंधन राहील असें स्पष्ट म्हटलें आहे. व्यक्ति येतात व जातात, समूहाचें ऋण राहतें. हीच कल्पना कात्यायनाच्या वचनांत दिसते.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. श्रेणि म्हणजे आजचा कामगारसंघ, असें म्हणण्याचा मोह अनेकांस होतो. आम्हांस तें मान्य नाहीं. श्रेणींत मालक व कारागीर असा भेद नव्हता. मालकाशीं मजुरीविषयीं घासाघीस करणें हें तिचें काम नव्हतें. उलट कारागिरांनीं संगनमत करून लोकांस जाचक होईल असा भाव ठरविला तर याज्ञवल्क्य त्यांस उत्तमसाहस दंड सांगतो. शिवाय पुढील काळीं समूहाचें बंधन बहुतांशीं जन्मावर आलें. जातीच्या पंचांनीं दंड घ्यावा, न दिल्यास वाळींत टाकावें, पाणी व विस्तव बंद करावा, या रीतीनें समूहाचा अंश वसूल होऊं लागला. बृहस्पतीनें ज्या एकट्या माणसाचा कैवार घेतला होता तोच या रीतींत भरडला गेला. महाराष्ट्र राज्यानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध सन २०१६ चा कायदा केला तो याच कारणास्तव. तेव्हां प्राचीनांची स्तुति करतांना हें पान उलटून पुढें जाऊं नये.

आतां अर्वाचीन काळ. मुंबईंत कै. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सन १८८४ च्या सप्टेंबरांत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या; सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला; सन १८९० मध्यें रविवारची सुटी मिळाली. परंतु लोखंड्यांच्या त्या संस्थेला सभासदांची यादी नव्हती, निधि नव्हता, लेखी नियम नव्हते, असें तत्कालीन सरकारी अहवालांत नमूद आहे. लोखंड्यांचें मोठेपण यानें उणें होत नाहीं. पण ज्या संघास वर्गणी नाहीं तो पुढाऱ्याबरोबर मावळतो, हें त्यावरून कळतें. लोखंडे सन १८९७ मध्यें वारले आणि संस्था त्यांच्यामागें टिकली नाहीं.

सन १९१८ मध्यें मद्रासेस कामगारसंघ निघाला. एका मोठ्या गिरणी कंपनीनें त्याच्या पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावला व न्यायालयाचा मनाईहुकूम मिळविला. संप पुकारणें म्हणजे नोकरीचा करार मोडण्यास चिथावणें, असें तेव्हांच्या कायद्यानें ठरत होतें. यावर कै. नारायण मल्हार जोशी यांनीं मार्च १९२१ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळांत ठराव आणला, आणि त्याचें फळ म्हणजे सन १९२६ चा कामगारसंघांचा कायदा. तो १ जून १९२७ पासून अमलांत आला.

त्या कायद्यानें संघास नोंदणी दिली व संपाच्या कामीं फौजदारी कटाच्या आणि दिवाणी दाव्याच्या भीतीपासून ठराविक संरक्षण दिलें. त्याच्या मोबदल्यांत संघावर बंधनें घातलीं. सभासदांची यादी ठेवावी व ती पाहण्याची सोय असावी. निधि कोणत्या कामीं खर्च होईल तें नियमांत लिहावें. दरवर्षीं हिशेबतपासणी व्हावी. सभासदास वह्या पाहण्याचा हक्क असावा. वर्गणीचा किमान दर पुढें दुरुस्तीनें घातला गेला: प्रथम दरमहा पंचवीस नवे पैसे, नंतर सन २००१ च्या दुरुस्तीनें ग्रामीण कामगारांस वर्षाला एक रुपया, इतर असंघटित कामगारांस तीन रुपये व बाकीच्यांस बारा रुपये. सर्वांत विचारपूर्वक केलेलें कलम राजकीय निधीचें होतें. तो निधि वेगळा ठेवावा, त्यास वर्गणी देण्याची सक्ती नसावी, आणि ती न देणाऱ्या सभासदास संघाच्या इतर लाभांपासून वंचित करूं नये. समूहांत राहूनही एखाद्या खर्चास नकार देण्याचा हक्क माणसास असतो, हें तत्त्व आमच्या स्मृतींत इतकें स्पष्ट कोठें सांपडत नाहीं.

महाराष्ट्रांत सन १९७१ चा संघमान्यतेचा कायदा याहून बारकाईनें गेला. दरमहा पन्नास पैशांहून कमी नाहीं अशी वर्गणी दिली असेल तोच सभासद. मागील सहा महिन्यांत तीन महिन्यांहून अधिक बाकी असेल तर तो सभासद गणला जाऊं नये. आणि सहा महिने सतत तीस टक्के सभासद दाखवील त्या संघास मान्यता मिळावी. आमच्या स्नेह्यांच्या पावतीपुस्तकांतील "बाकी" या शेऱ्याचें वजन अशा नियमांनीं कळतें. तो शेरा म्हणजे नुसती उधारी नव्हे. संघाची मान्यता अशा शेऱ्यांच्या मोजदादीवर ठरे. त्याच कायद्यानें मान्य संघास पगाराच्या जागीं वर्गणी गोळा करण्याचा हक्क दिला. पण कामगारांवर संघांत येण्याची अगर न येण्याची जबरदस्ती करणें ही संघाचीही अनिष्ट प्रथा ठरविली. संघांत गेल्याबद्दल कामगारास कामावरून काढण्याची धमकी देणें ही मालकाची अनिष्ट प्रथा. दोन्ही बाजूंनीं माणसाची निवड राखली.

परंतु सभासदत्वाच्या मोजणीवर सारें सोंपविलें म्हणजे काय होऊं शकतें, तेंही मुंबईनें पाहिलें. सन १९४६ च्या कायद्याप्रमाणें कापडधंद्यांत एका प्रतिनिधिसंघासच सर्व कामगारांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार होता. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारें अडीच लाख गिरणीकामगार डॉ. दत्ता सामंत यांच्यामागें संपावर गेले. कायद्याच्या दृष्टीनें मात्र बोलणारा संघ निराळा राहिला. हा कायदा रद्द करावा ही संपाची एक मागणीच होती. मुख्य व समूह यांच्यांत विसंवाद पडेल तेव्हां राजानें विचार करावा, असें बृहस्पतीनें सांगितलें तें याच प्रसंगासाठीं म्हणावें लागेल. तो विचार वेळेवर झाला नाहीं. पुढें गिरणगांव ओसाड पडलें.

सन २०२० मध्यें संसदेनें औद्योगिक संबंधांची संहिता मंजूर केली व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सन १९२६ चा कायदा तींत विलीन झाला. एकाहून अधिक संघ असतील तेथें हजेरीपटावरील एकावन्न टक्के कामगारांचा पाठिंबा असलेला संघ वाटाघाटीचा अधिकारी, आणि तसा कोणी नसल्यास वीस टक्क्यांस एक प्रतिनिधि अशा हिशेबानें वाटाघाटीचें मंडळ, अशी तिची योजना आहे. मोजणीचा प्रश्न सुटला नाहीं; त्याचें माप तेवढें बदललें.

वर्गणी न देणाऱ्याकडून निदान वाटाघाटीचा खर्च घ्यावा काय, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सन १९७७ मध्यें सरकारी नोकरांपुरता होकार दिला व सन २०१८ मध्यें तोच निर्णय फिरविला. पहिल्या न्यायाधीशांस मजुरीचा दर धरणासारखा वाटला, दुसऱ्यांस खेळासारखा. कौटिल्याच्या दोन नियमांतला भेद अद्याप जिवंत आहे तो असा.

आमचेंही याविषयीं एक देणें आहे. शाळेंत शिकवीत असतां आम्हीं शिक्षकांच्या संघाची वर्गणी तीन वर्षें दिली नाहीं. पुढारी आम्हांस पसंत नव्हते, हें कारण आम्ही सांगत असूं. त्याच संघाच्या खटपटीनें वाढीव वेतनाची थकबाकी मिळाली तेव्हां ती घेण्यास मात्र आमचा हात मागें राहिला नाहीं. पुढाऱ्यांचे हिशेब पाहण्याचा हक्क आम्हांस होता. पण तो सभासदाचा हक्क होता आणि सभासदत्व आम्हीं सोडलें होतें. कात्यायनाचें वचन त्या वेळीं आम्ही वर्गांत शिकवूं शकलों असतों. आचरूं शकलों नाहीं. मागाहून बाकी भरली, परंतु ज्या वर्षीं ती हवी होती तें वर्ष निघून गेलें होतें.

म्हणून आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर असें: तें पावतीपुस्तक अवश्य ठेवावें. उषवदाताचा लेख दगडावर होता म्हणून राहिला. बृहस्पति व कात्यायन दुसऱ्यांच्या ग्रंथांत उतरले म्हणून राहिले. गिरणीकामगाराच्या पावतीला दगडही नाहीं व टीकाकारही नाहीं. सभासदांच्या याद्या, पावत्यांच्या स्थळप्रती, सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या, हिशेबतपासनिसांचे शेरे, चाळींतील पेट्यांत व बंद पडलेल्या कचेऱ्यांच्या माळ्यांवर असतील तोंवर असतील. ज्यांच्या घरीं अथवा माहितींत असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं मंडळास कळवावें, निदान त्यांची टांचणें करून पाठवावीं. खाजगी माणसांच्या देण्याघेण्याचा मजकूर त्यांत असल्यास तो झांकून ठेवण्याची काळजी घेतां येईल.

आणि ज्या सभासदांकडे मंडळाचीच या वर्षाची वर्गणी येणें असेल, त्यांनीं कौटिल्याचा खेळाविषयींचा नियम एकदां वाचावा. अंक लपून वाचणाऱ्यास दुप्पट अंश पडतो.